वाईट वर्षाचा हिशेब



निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं आहे: हवामानबदल, अन्नसुरक्षा आणि अल्पभूधारक. साधा प्रश्न असा आहे. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू रान आहे तो काय पेरायचं, कधी पेरायचं, घरी किती ठेवायचं आणि अडतीवर किती न्यायचं हे कसं ठरवतो? तीन एकर हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होतं. १९७०-७१ मध्ये तेच खातं ४.२८ हेक्टरचं होतं. भावाभावांत वाटण्या होत होत रान एक तृतीयांशाच्याही खाली आलं.

या शेतकऱ्याविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक पत्रकांचा: शेतकऱ्यांचं प्रबोधन व्हायला हवं, त्यांनी सुधारित तंत्र अंगीकारायला हवं. दुसरा सत्कारसमारंभांचा: बळीराजाला मातीची नस ठाऊक असते, मुंग्यांची रांग बघून तो पाऊस सांगतो. मला दोन्हींचा कंटाळा आला आहे. मुंग्या बघून पाऊस सांगता आला असता तर दुबार पेरणीची पाळी कुणावर आली नसती. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा शेतकरी सरासरीवर जगत नाही. चार-पाच वर्षांतून एक वाईट वर्ष येणार हे तो धरूनच चालतो आणि ते घर न मोडता कसं निभेल, या हिशेबानं बाकीची वर्षं शेती करतो. आपण त्याचे निर्णय चांगल्या वर्षाच्या मापानं मोजतो, म्हणून ते आपल्याला खुळ्यासारखे वाटतात.

हे तपासायला लांब जावं लागत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ पासून काही गावांत ठाण मांडलं. आताच्या तेलंगणातलं औरेपल्ली, अकोला जिल्ह्यातलं कंझरा, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातली दोन: मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. संस्थेचा माणूस गावातच राहायचा. निवडलेल्या चाळीस घरांत दर थोड्या दिवसांनी जाऊन कुणी काय पेरलं, काय विकलं, काय खाल्लं, कुणाकडून उसने घेतले, सगळं टिपून घ्यायचा. शिरापूरचं नाव आज मोहोळच्या एसटी स्टँडवर जितक्या लोकांना माहीत असेल, त्याहून अधिक लोकांना कदाचित शिकागो आणि येलच्या अर्थशास्त्र विभागांत माहीत आहे.

या गावांत हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञानं एक खेळ मांडला होता. नाणं उडवायचं, पण त्याआधी पर्याय निवडायचा. पहिला पर्याय बिनघोर: नाणं कसंही पडो, ५० रुपये तुमचे. दुसऱ्यात एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला ९५. असं चढत चढत शेवटच्या पर्यायात एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला २००. पैसे खरे होते आणि जिंकले की तिथल्या तिथे हातात पडत. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षाही ही रक्कम कधी कधी जास्त भरायची. निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. रक्कम किरकोळ होती तोवर लोक वाटेल तसे खेळले. ती मोठी झाल्यावर जवळजवळ सगळे मधल्या पर्यायांवर आले, थोडी जोखीम घेऊन पण बेतानं. यात मोठा बागायतदार आणि दोन एकरांचा धनी यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

गरीब शेतकरी भित्रा असतो, म्हणून नवं काही करत नाही, ही समजूत या खेळानं मोडीत काढली. स्वभाव दोघांचा सारखाच आहे. एकाच्या मागे विहीर आहे, सोसायटीचं कर्ज वेळेवर मिळतं, तालुक्याच्या गावी गाळा आहे. दुसऱ्याच्या मागे काही नाही. तरी चार दशकांनंतर आजही कृषी मेळाव्यांत ‘मानसिकता बदला’ अशी भाषणं होतात. मानसिकतेऐवजी विहिरीवर बोललं तर खर्च येतो, हे त्याचं खरं कारण असावं.

आता ही बेतानं घेतलेली जोखीम प्रत्यक्ष रानात कशी दिसायची ते बघू. सोलापूरच्या खोल काळ्या जमिनी पावसाळ्यात मोकळ्या ठेवण्याची जुनी रीत आहे. बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञाला ते खटकणारच. ऐन पावसात रान रिकामं, माती वाहून जाते, एक पीक हकनाक बुडतं. इक्रिसॅटनं रुंद वरंबे आणि सऱ्या पाडून अशा जमिनीत दोन पिकं घेण्याचं तंत्र बसवलं. जिथे खरिपाचा पाऊस भरवशाचा आहे तिथे ते चाललंही. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस भरवशाचा नाही, त्यातल्या त्यात परतीचा बरा. म्हणून शेतकरी पावसाळाभर नुसती कुळवणी करून तण काढतो, पाणी मुरू देतो आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास ओल किती खोल गेली हे हातानं उकरून बघून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतो. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर तो पेरणीचा निर्णय घेतो, खात्यावरची शिल्लक बघून चेक फाडावा तसा. खरिपात पेरणारा पुढच्या नव्वद दिवसांच्या पावसावर पैसे लावतो. शाळू पेरणाऱ्याचं पाणी आधीच जमिनीत जमा झालेलं असतं. रान रिकामं ठेवणं हा आळस नव्हता, विमा होता.

शाळवाचं बियाणंही बघा. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडून काढला गेला. त्यानंतर किती तरी सुधारित वाण आले, तरी मालदांडी हटली नाही. ज्वारीचं पहिलं संकरित वाण देशात १९६४ मध्ये आलं. बुटकं होतं आणि दाणा भरपूर द्यायचं. पण खरिपातल्या त्या ज्वारीला सप्टेंबरच्या पावसानं गाठलं की दाणा काळा पडायचा, भाकरी थापता थापता मोडायची, आणि कडबा गुडघाभर. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याच्या लेखी कडबा म्हणजे अर्धं पीक. दुष्काळात दाण्याला सरकार रेशनचा पर्याय देतं, कडब्याला कोण देणार? सरकारी उत्पादकतेच्या तक्त्यात मात्र दाणाच मोजला जायचा आणि तेवढ्यावरून शेतकरी मागासलेला ठरायचा.

रानाबाहेरचे निर्णयही याच हिशेबातले. इक्रिसॅटच्या याच नोंदींवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये एक निबंध लिहिला. मुली लांबच्या गावी देण्यामागे वाईट वर्षाची सोय असते, असं त्यांनी दाखवलं. दोन्ही गावांवर एकाच वेळी पाऊस रुसत नाही. ज्या घरांचं उत्पन्न जास्त खालीवर होतं त्यांनी सोयरीक अधिक लांब केलेली दिसली. आपल्या आज्या ‘एकाच पांढरीत दोन लेकी देऊ नये’ असं का म्हणत असाव्यात, याचं हे एक उत्तर. अर्थात लेकीला लांब देण्याचा हा विमा लेकीच्याच जिवावर उतरवलेला असतो. निबंधाच्या गणितात ते येत नाही.

आणि बैल. सुगीच्या वर्षी घ्यायचा, दुष्काळात विकायचा. तोही औत ओढणारा विमाच. आता ट्रॅक्टरमुळे बैल तसेही कमी झाले, पण २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ भाषणं झाली. ज्याच्या दारात तो बैल उभा होता त्याची दुष्काळातली ठेव मोडली, हा मुद्दा दोन्ही बाजूंना फारसा आठवला नाही.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांचे आकडे घेऊन १९९४ मध्ये दाखवलं की एखाद्या घराचं उत्पन्न पडलं तरी त्याचं खाणंपिणं त्या मानानं पडत नाही, ते साधारण गावाबरोबर चालतं. उसनवार, पडेल ते काम, साठवलेलं धान्य, भावकी, सावकार अशा सगळ्यांतून गाव एकमेकाला सावरून धरतं. एका गावात मात्र भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

पण अख्खं गावच बुडालं तर? शेजाऱ्याकडे मागायला जावं तर त्याचीही कणगी रिकामी. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं या सभागृहात असतील. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. त्या दुष्काळात भावकी आणि सोयरीक पुरी पडली नाही, राज्याला उतरावं लागलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्यातून राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तो उचलला. हवामानबदलावर जागतिक परिषदांतून जी चर्चा होते तिचं मर्म मला या ठिकाणी सापडतं. एकट्या घराला बसणाऱ्या धक्क्यांवर गावाकडे उपाय होते. आता धक्के तालुक्याला, जिल्ह्याला एकदम बसतात, आणि वेगवेगळ्या दिशांनी बसतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं आपल्या आणि धाराशिवच्या गावांत सोयाबीनसकट माती खरवडून नेली. मुळाशी असलेला काळा थरच गेला तर पुढच्या हंगामाचा निर्णय घ्यायचा कशावर?

मधल्या काळात निर्णयाचा पायाच हलला होता. चार दशकांपूर्वी महाराष्ट्रात ज्वारी साठ लाख हेक्टरांहून जास्त होती, ती वीस लाखांच्या आत आली. तेव्हा नावालाही नसलेलं सोयाबीन पन्नास लाखांच्या घरात गेलं. याला आपण पैशाची हाव म्हणून मोकळे होतो. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बघा. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. पोटाची चिंता तेवढ्यापुरती मिटल्यावर तो ज्वारीचं रान रोख पैशाच्या पिकाला देतो, यात नवल काय? सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, दिवाळीच्या तोंडावर पैसा होतो, त्याच रानात हरभरा होतो. ज्वारीची काढणी हातानं, तिला बायका मिळत नाहीत. सोयाबीनला हार्वेस्टर चालतो.

आणि पाखरं. हा मुद्दा मला एका शेतकऱ्यानं सांगेपर्यंत सुचला नव्हता. सगळ्या शिवारात खरिपाची ज्वारी असते तेव्हा पाखरं सगळीकडे वाटली जातात, प्रत्येकाचं थोडं थोडं जातं. शिवारभर सोयाबीन झालं आणि एकट्यानंच हौसेनं अर्धा एकर ज्वारी केली, तर गावची सगळी पाखरं त्याच्याच कणसांवर उतरतात. गोफण घेऊन दिवसभर राखण करायला घरात रिकामं माणूस कुठून आणणार? ‘एकट्यानं ज्वारी करणं म्हणजे पाखरांना जेवण घालणं,’ असं तो हसत म्हणाला. भरडधान्याचं वर्ष आपण २०२३ मध्ये थाटात साजरं केलं. त्यातल्या एकाही परिसंवादात मला पाखरं भेटली नाहीत. काही निर्णय एकट्या शेतकऱ्याचे नसतातच, शिवारानं मिळून घ्यायचे असतात.

सोयाबीननं रोख पैसा दिला आणि त्याबरोबर वाईट वर्षाचा एक नवा प्रकारही दिला. पीक चांगलं, भाव पडलेला. २०२१ च्या ऑगस्टात क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलेला भाव पीक निघेपर्यंत कोसळला. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना दिवाळीच्या बाजारात त्याहून कितीतरी कमी भावानं पोती गेली. ज्वारीला भाव नसला तर ती घरात खाता येते, जनावरांपुढे टाकता येते. सोयाबीन घरी ठेवून खाणार कोण?

आता जून. सगळ्यात अवघड निर्णय याच महिन्यातला. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला चोख आहे. पण पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या गावी आणि पाऊस एका ओढ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. शिवाय थांबलं की पेरणी लांबते, पेरणी लांबली की हरभऱ्याची ओल जाते, आणि ट्रॅक्टरवाला आज रिकामा आहे तो परवा नसतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. राज्यभर मे महिन्यात इतका पाऊस झाला की नांगरट-वखरणीला रानं वापशावर येईनात. मग जूनच्या सुरुवातीला त्यानं दडी मारली. मे महिन्यातलं पाणी बघून हात शिवशिवणं आणि तरी तिफण न काढणं, याला छाती लागते.

हवामान खात्याचा हंगामी अंदाज ‘सरासरीच्या १०५ टक्के’ अशा भाषेत येतो. तीन एकरवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला हवं असतं एवढंच: पाऊस कधी लागेल, आणि लागल्यावर मध्ये मोठा खंड पडेल का. तेलंगणातल्या अडीचशे गावांत झालेल्या एका प्रयोगात शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचा महिनाभर आधीचा अंदाज दिला गेला. ज्यांच्या अपेक्षेपेक्षा पाऊस उशिरा येणार होता त्यांनी पेरा कमी केला, लवकर येणार होता त्यांनी शेतीवरचा खर्च वाढवला. अंदाज कामाचा असेल तर लोक तो ऐकतात, त्यासाठी प्रबोधन करावं लागत नाही.

बार्शीकडच्या एका घरात मी बियाणं तपासण्याची घरगुती तऱ्हा बघितली. गेल्या वर्षीच्या सोयाबीनमधून मूठभर दाणे घेऊन आजीबाईंनी शंभर मोजले, दहा-दहाच्या ओळींनी ओल्या गोणपाटावर मांडले, वरून दुसरं गोणपाट टाकलं आणि गुंडाळी करून न्हाणीच्या सावलीत ठेवली. रोज सकाळी त्यावर तांब्याभर पाणी. आठवड्यात उलगडून मोजलं तेव्हा ७८ मोड आलेले. सत्तरच्या वर उगवण असली की बियाणं चालतं. त्यांनी त्यातले मोड आलेले पण देठाशी वाकडे झालेले चार दाणे बाजूला काढले. ‘हे जमिनीतून वर यायचे नाहीत.’ मुलगा तोवर दुकानातून नवी बॅग आणायच्या तयारीत होता. २०२० मध्ये विकतचं सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या होत्या. त्या वर्षीपासून या घरात बियाण्याचा निर्णय आजीबाईंकडे आहे.

पीकविम्याबद्दल थोडं बोलते, कारण वाईट वर्षाची जबाबदारी आज कागदावर तरी त्याच्यावर टाकलेली आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. राज्यानं २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला, २०२५ मध्ये तो बंद करून पुन्हा खरिपाला दोन टक्के हप्ता आणला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेऊन ठेवली. एक रुपयाच्या काळात बोगस अर्ज झाले हे खरं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मंडळातलं यंदाचं उत्पादन एका उंबरठ्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते. तो उंबरठा काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वांत वाईट दोन वगळतात आणि उरलेल्या पाचांची सरासरी धरतात. सात वर्षांत वाईट वर्षं दोनच असतील तोवर हे ठीक. ती तीन-चार झाली की उरलेली वाईट वर्षं सरासरीत शिरतात आणि उंबरठाच खाली येतो. म्हणजे हवामान जितकं बिघडेल तितकी भरपाई मिळणं कठीण होईल. ही रचना कुणी दुष्टपणानं केलेली नाही. ती ज्या काळासाठी केली तो काळ संपला आहे, इतकंच.

मराठवाड्यातल्या एका कामाविषयी बोलते आणि थांबते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिवकडे पाय रोवले. पुढच्या दुष्काळांत तिथल्या बायकांनी घरात एक मागणी केली. सगळं रान सोयाबीनला द्या, पण अर्धा-एक एकर आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. त्या तुकड्यात ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला, कमी पाण्यात येणारं आणि आधी घरात लागणारं असं सगळं आलं. घरातल्या धान्याचा आणि भाजीचा खर्च वाचला, सोयाबीन बुडालं त्या वर्षीही चुलीपुरतं निघालं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. वाईट वर्षाचा जुना हिशेब या बायकांनी नव्या रानात मांडला. पूर्वी तो अख्ख्या शेताचा होता, आता एका एकराचा आहे.

त्या एकराचा सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, त्याला पस्तीस वर्षं झाली. ती हाक ऐकणारी गावं थोडी होती. सातबारा नावावर नाही, म्हणून पीककर्ज नाही, शेतकरी सन्मानाचे हप्ते नाहीत, अतिवृष्टीची भरपाई आली तर ती त्याच्या खात्यावर. भाजीपाला आणि मिश्र पिकाचा तो तुकडा बहुधा विम्याच्या अधिसूचित पिकांतही बसत नाही. २०२१ पासून मोबाइलवर ई-पीक पाहणी सुरू झाली, त्यात खातेदाराचं नाव येतं, गट नंबर येतो, पिकाचा फोटो येतो. हे पीक कुणी ठरवलं, हा रकाना त्यात नाही. पुढच्या खरिपात पाहणी सुरू होईल तेव्हा आपापल्या गावात तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना एवढं जरूर विचारा, की त्या एकराची नोंद तिच्या नावानं करायची झाली तर कोणता कागद लागतो.